फाट्यापर्यंतचे पाच तारे

रात्री सव्वातीनला खाजगी स्लीपर बसमधून उतरून साताऱ्याजवळ हायवेच्या पुलाखाली बॅग पायाशी ठेवून उभी होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. 'तुमचा प्रवास कसा झाला?' आसन, स्वच्छता, चालकाची वागणूक, वेळ पाळणं, सगळ्यांपुढे पाच-पाच तारे. आसन झकास होतं, खोटं कशाला बोलू. चादर धुतलेली, चार्जिंग चालू, एसी बेताचा. चालकानं एकदाही कचकन ब्रेक मारला नाही. फक्त 'तुम्हाला कुठे आणून सोडलं?' हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

तिकिटावर उतरण्याचं ठिकाण 'सातारा स्टँड' असं छापलेलं. गाडी थांबली हायवेला. क्लीनर म्हणाला, "मॅडम, गाडी आत जात नाय. समदे हितंच उतरत्यात." समदे म्हणजे मी आणि एक कॉलेजचा पोरगा. पोराचा मामा बुलेट घेऊन उभा होता. मामानंच मला विचारलं, "ताई, तुम्हाला न्यायला कोन हाय का?" कुणी नव्हतं. मामानं ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावला आणि तो येईपर्यंत दोघं थांबले. त्या रिक्षाचे अडीचशे रुपये झाले. स्लीपरला मी एक तारा दिला, मामांना पाच.

ट्रॅव्हल्सचं नाव लिहीत नाही. त्या रस्त्याला बहुतेकांची हीच तऱ्हा असते, एकाला बदनाम करून काय मिळणार?

आता मला जायचं कुठे होतं ते सांगते. मी पुण्यात कोथरूडला राहते, नोकरीही पुण्यातच, माहेर माणदेशात. दहिवडी, गोंदवले ओलांडलं की म्हसवडच्या रस्त्याला आमचा फाटा लागतो. फाट्यावर पिंपरणीचं एक झाड, एक बंद पडलेली टपरी आणि ग्रामपंचायतीनं बांधलेला निवारा, ज्यात माणसांपेक्षा शेळ्या जास्त बसतात. तिथून गाव सात किलोमीटर आत. आई शहात्तर वर्षांची, एकटी राहते, पुण्याला यायला तयार नाही. गेल्या वर्षभरात मी चौदा वेळा गेले-आले, जमेल त्या वाहनानं. त्या चौदा खेपांवरून हा रिव्ह्यू लिहितेय.

स्पर्धा बघायची असेल तर शुक्रवारी रात्री दहानंतर नवले पुलाजवळ उभं राहा. कोल्हापूर, सांगली, गोवा, बेळगाव, बेंगळुरू. एकदा माझी गाडी उशिरा होती म्हणून मी मोजत बसले, पाऊण तासात एकवीस गाड्या गेल्या. एकाच रस्त्याला, एकाच वेळेला, निम्म्या एकाच गावाला. एकीत ब्लँकेट, दुसरीत ब्लँकेट आणि पाण्याची बाटली, तिसरीत जांभळे दिवे. पोरं दारात लोंबकळून "कोल्लापूर कोल्लापूर" ओरडत असतात. मंगळवारी जो बर्थ साडेचारशेला मिळतो तो शुक्रवारी नऊशेला. एसटीच्या तशाच गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खाजगी बसनं घेऊ नये, असा शासन निर्णय २७ एप्रिल २०१८ ला निघालेला आहे. शुक्रवारी रात्री नवले पुलावर तो कुणाला वाचून दाखवायचा? आणि साताऱ्याला उतरलात तरी भाडं कोल्हापूरचंच भरावं लागतं, कारण तुमच्या मागे रिकामा राहणारा बर्थ तुमच्याच खिशातून भरायचा असतो.

मला पूर्वी वाटायचं, एवढ्या गाड्या आहेत तर एखादा शहाणा आमच्या बाजूला का वळवत नाही? आमच्या ऑफिसात एक जण आधी ट्रॅव्हल्सच्या बुकिंगला होता, त्यानं समजावलं. यांचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा असतो. म्हणजे कागदावर ती बस एका ठिकाणाहून माणसं भरते आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडते. वाटेत फाट्या-फाट्याला एकेकाला चढवायचं, उतरवायचं, ही टप्पा वाहतूक, आणि ती आपल्या राज्यात एसटीकडे. प्रत्यक्षात ट्रॅव्हल्सवाले वाटेत भरतातच, पण जिथे एका थांब्यावर दहा डोकी मिळतात तिथे. पिंपरणीखाली एक म्हातारी आणि दोन शेळ्या असतील तर साठ लाखांची गाडी कोण थांबवणार? तो पुढे म्हणाला, "ताई, परवाना दिला तरी कोणी येणार नाही." हे मला जास्त पटलं.

आता चांगलं ते सांगते. एसटीची स्वारगेट ते सातारा विनावाहक विनाथांबा. या सेवेला माझे साडेचार तारे. खिडकीवर तिकीट काढायचं, गाडीत बसायचं, भरली की सुटली. कंडक्टर नाही, थांबे नाहीत, वाद नाहीत. खंबाटकी मोकळा असेल तर अडीच तासांत स्टँडच्या आत, फलाटाला लागते. पुलाखाली नव्हे, फलाटाला! तिथे नळ आहे, दिवे आहेत, चौकशीच्या खिडकीत माणूस आहे आणि पुढची गाडी त्याच आवारातून सुटते. अर्धा तारा कापला तो रविवार संध्याकाळच्या रांगेसाठी. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून रांगेत आम्हीच जास्त. शेजारची एक आजी म्हणाली, "आता माहेराला जायाला नवऱ्याकडं पैसे मागावं लागत न्हाईत." मी हसले, पण रांगेतल्या निम्म्या जणी हसल्या नाहीत.

पुण्याच्या बाजूचं तर बोलायलाच नको. वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, जमिनीखालून थेट स्वारगेट. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस तो टप्पा सुरू झाला आणि माझा रिक्षाचा खर्च वाचला. कोथरूड ते स्वारगेट मला अर्धा-पाऊण तास लागतो, दर काही मिनिटांनी गाडी. कोथरूड ते सातारा, सगळं जुळलं तर साडेतीन तास. सातारा ते दहिवडी दोन तासांच्या आसपास. आणि फाटा ते आमचं घर, सात किलोमीटर, एकदा मी घड्याळ लावून मोजलं: तीन तास दहा मिनिटं. त्यातले दोन तास पन्नास मिनिटं पिंपरणीखाली.

'फाट्यावर मारणे' हा वाक्प्रचार कुणी काढला माहीत नाही, पण तो माणूस आमच्याकडे कधीतरी एसटीनं आला असावा.

दुसरा मार्ग फलटणचा. स्वारगेट, हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट चढून दहिवडी. साधी लाल गाडी. खिडकीच्या काचा थरथरतात, सीटचं रेक्झिन कुठेतरी फाटलेलं, पाय मोकळे करायला जागा नाही. तरी मला ही गाडी आवडते आणि त्याचं कारण मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. जेजुरीला भंडाऱ्यानं पिवळे झालेले लोक चढतात आणि तुमची पांढरी ओढणी पुण्यवान करून जातात. लोणंद आलं की डोळे मिटलेले असले तरी कांद्याच्या वासानं कळतं. फलटणला गाडी पंधरा मिनिटं थांबते, त्यात चहा, वडा आणि स्वच्छतागृह, यांतल्या दोनच गोष्टी होतात, कुठल्या ते तुम्ही ठरवा. कंडक्टरकडे आता नवी मशीन आहेत, क्यूआर दाखवला की पैसे जातात. 'सुट्टे द्या' हे वाक्य माझ्या पिढीसोबत संपणार असं दिसतंय. अर्धं तिकीट सव्वाशेच्या आसपास. आरामाला दोन तारे, भाड्याला पाच, आणि 'हात दाखवा, गाडी थांबवा' याला आणखी एक जादा, कारण आमच्या फाट्यावर नेमकी ही लाल गाडीच थांबते. जांभळ्या दिव्यांची थांबत नाही.

एक गमतीची गोष्ट लक्षात आली आहे. आमच्या पट्ट्यात गावाला गाडी हवी असेल तर गावात देव हवा किंवा महाराज. गोंदवल्याला महाराजांची समाधी, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या भक्तांसाठी गाड्या आहेत, उतरलं की प्रसादाचं जेवणही आहे. म्हसवडला सिद्धनाथ, पुसेगावला सेवागिरी महाराज, पलीकडे पंढरपूर. यात्रेला जादा गाड्या सुटतात, आणि आषाढीला तर राज्यभरातून गाड्या पंढरपूरला ओढल्या जातात, तेव्हा बाकीच्या फेऱ्या कमी होतात. म्हणजे देवाला जायला गाडी आहे, दवाखान्याला जायला त्या आठवड्यात नाही. आमच्या गावात एक जुनं मरीआईचं देऊळ आहे. तिला कुणी लांबून भेटायला येत नाही. तिचा आणि आईचा प्रश्न एकच.

हे असं कायम नव्हतं. मी शाळेत असताना गावात मुक्कामाची गाडी यायची. रात्री आठ-साडेआठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं, आणि पहाटे सहाला तीच गाडी साताऱ्याकडे निघायची. मी साताऱ्याला कॉलेजच्या वसतिगृहात होते तेव्हा आई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायची. डब्यावर तांबड्या रंगानं माझं नाव आणि वसतिगृहाचं नाव लिहिलेलं. डबा कंडक्टरच्या हवाली. नऊ-साडेनऊला मी स्टँडवर जायचे, फलाटावर डब्यांची रांग लागलेली असायची आणि दहा-बारा पोरं-पोरी आपापला डबा शोधत असायची. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. तीन वर्षांत एकदाच हरवला आणि तोही चार दिवसांनी परत आला, धुतलेला. कुणी खाल्ला असेल त्याला माझा आशीर्वाद, त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी होती.

मुक्कामाची गाडी कोरोनात थांबली. त्यानंतर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांचा तो लांबलेला संप. कामगारांचं दुखणं खरं होतं, त्यावर मला शेरा मारायचा नाही. पण या दोन वर्षांत गावानं आपली सोय करून घेतली. ज्याला जमलं त्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बसायला माणसंच कमी. माणसं कमी म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून आणखी दोन मोटारसायकली. आता गाडीची वाट बघणारे उरलेत ते मोटारसायकल न चालवणारे: म्हाताऱ्या, शाळेच्या मुली आणि माझ्यासारखी पाहुणी.

मुलींमुळेच दोन फेऱ्या टिकून आहेत. सकाळी सव्वासातला एक आणि संध्याकाळी साडेपाचला एक. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, त्यामुळे सकाळची गाडी निळ्या-पांढऱ्या गणवेशांनी भरून जाते. मला ती गर्दी फार आवडते. एकमेकींच्या वेण्या घालत, गणिताची वही उतरवत जातात. पण शाळेला सुट्टी लागली की गाडीलाही सुट्टी. दिवाळीत तीन आठवडे आणि उन्हाळ्यात दीड महिना गावात एकही चाक सरकारी नसतं. आणि पुण्या-मुंबईचे चाकरमाने गावी येतात कधी? दिवाळीत आणि उन्हाळ्यात.

आईला २६ ऑगस्ट २०२२ नंतरच्या नियमानं, पंच्याहत्तरी पूर्ण झाली म्हणून, साध्या काय अन् निमआराम काय, एसटीचं तिकीट फुकट आहे. आधार कार्ड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या पिशवीत ठेवलंय. कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, ते ती नीट घडी घालून जपून ठेवते. मी विचारलं, "हे कशाला साठवतेस?" म्हणाली, "किती येळा गेले ते कळतंया. साल-दीड सालात न्हाय म्हणलं तरी सहा झाल्यात." सहा! फुकट तिकिटाचा दीड वर्षातला सगळा वापर एका सेफ्टी पिनेत मावतो.

म्हणून मग वडाप. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, वडाप म्हणजे जीप, ट्रॅक्स, क्रूझर, आता इको. माणसं कोंबून नेणारी. नऊची परवानगी असली तर चौदा बसवतात, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. कायद्यानं ही अवैध प्रवासी वाहतूक. महिन्यातून एकदा कारवाई होते, दोन दिवस जीपा गायब होतात आणि त्या दोन दिवसांत कळतं की गाव कशावर चालतं. आमच्या फाट्यावरचा जीपवाला सात किलोमीटरचे तीस रुपये घेतो. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे आमचं गाव दोन टप्प्यांचं, पूर्ण तिकीट काढलं तरी वीसेक रुपयांत जाता आलं असतं. पण तो दहा रुपये जास्त घेतो आणि असतो. रात्री फोन केला तर तीनशे घेतो आणि तरीही येतो. आईचा मोतीबिंदू काढला त्या दिवशी परत येताना त्यानं आईला पुढच्या सीटवर बसवलं, डोळ्याला धूळ लागू नये म्हणून काच वर केली, आणि मागच्या दहा जणांना घाम गाळत बसवलं. कुणी कुरकुर केली नाही.

वडापला तारे कसे द्यायचे? सुरक्षिततेला शून्य, यात चर्चाच नको. मागच्या दाराची कडी सुतळीनं बांधलेली आहे. विमा आहे का, विचारायची हिंमत मी केलेली नाही. सोडण्याच्या ठिकाणाला मात्र पाचपैकी सहा, कारण तो थेट आईच्या उंबऱ्यापाशी थांबतो आणि हॉर्न वाजवतो.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. पहिली विजेवरची शिवाई १ जून २०२२ ला सुटली, तीही पुण्याहून नगरलाच. नगरकर, तुमचं नशीब थोर आहे! शिवाईत मी बसले आहे, आवाज न करता जाते, लहान मुलाला झोप लागावी अशी. मला तिच्याविषयी काही तक्रार नाही. फक्त नवीन जे येतं ते आधीच गाड्या असलेल्या रस्त्यावर येतं. पुणे-कोल्हापूर, पुणे-नाशिक, पुणे-मुंबई. तिथल्या प्रवाशाला साध्या गाडीच्या जागी बरी मिळते, बऱ्याच्या जागी उत्तम. आम्हाला उत्तम नको. वीस सीटांची एक जुनी मिनीबस दहिवडीहून दिवसातून चार वेळा फाट्यांच्या आत शिरून आली, वाटेतली पाच-सहा गावं घेऊन, आणि तिची वेळ साताऱ्याच्या गाडीशी जुळवली, तर मी तिला न बघता पाच तारे देईन. सीट फाटलेली चालेल, खिडकी बंद होत नसेल तरी चालेल.

वेळ जुळवणं म्हणते ते याच्यासाठी. मे महिन्यात मी विनाथांब्यानं आले, कात्रजच्या पुढे अपघातामुळे रस्ता तुंबला, साताऱ्याला तास उशीर. पुढच्या गाडीनं फाट्यावर उतरले तेव्हा साडेसात वाजलेले, जीपवाला लग्नाला गेलेला. चूक कुणाचीच नव्हती. सात किलोमीटर चालायला काही नाही, लहानपणी चाललेच आहे. पण पाठीवर लॅपटॉप, हातात आईची औषधं आणि रस्त्याला कुत्री. शेवटी मेंढ्या घेऊन जाणारी दोन माणसं भेटली, त्यांच्यासोबत अर्धी वाट गेले. तेवढ्यात शेजारचा मुलगा मोटारसायकलवर शोधत आला. आईनं त्याला पाठवलं होतं. ती रात्रभर दारात बसली असती.

पुण्याहून आमच्या बाजूला कुणी जाणार असेल तर माझा सल्ला असा. सकाळी सातच्या आत स्वारगेट गाठा. फलटणमार्गे थेट गाडी मिळाली तर घ्या, नाहीतर विनाथांबा साताऱ्यापर्यंत. रात्रीची स्लीपर फक्त न्यायला कुणी बुलेटवाला मामा असेल तरच. निघताना फाट्यावरच्या जीपवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

पुढच्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे, साताऱ्याला, सकाळी नऊ वाजता. सव्वासातची गाडी वेळेत पोचवत नाही, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे तीही नाही. म्हणून आदल्या दिवशीच निघून चुलत बहिणीकडे मुक्काम करायचा ठरलाय. काल जीपवाल्याला फोन केला. म्हणाला, "ताई, दोन शिटा तुमच्या. पन सात मानसं झाली की मगच हलनार, डिझेल परवडत न्हाय." आम्ही दोघी आहोत. अजून पाच जण हवेत.